‘सगळ्या सेन्सरांसाठी एकच मॉडेल’: हा दावा वाचायचा कसा?

पीएचडीसाठी विषय शोधताय आणि दूरसंवेदनाकडे ओढा आहे? मग गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर चाळताना एक दावा तुम्हाला वेगवेगळ्या शब्दांत परत परत भेटला असेल: आमचं मॉडेल अनेक उपग्रहांच्या, अनेक सेन्सरांच्या प्रतिमा एकत्र समजून घेतं. खाली भला मोठा तक्ता, आमच्या ओळीतले आकडे ठळक टाइपात, आणि शेवटी पूर, पिकं, जंगल या सगळ्याला उपयोग होईल असं आश्वासन.

हे पेपर वाईट नाहीत. त्यातले काही फार विचारपूर्वक केलेले आहेत. पण संशोधनाची तयारी करताना ते वाचायची एक सवय लावून घ्यायला हवी, म्हणून आज अशी तीन मॉडेल समोर ठेवून बोलू: आयबीएम आणि नासाचं ‘पृथ्वी’, २०२३ मधलं ‘क्रोमा’ आणि २०२४ मधलं ‘डोफा’.

माझं म्हणणं आधीच सांगते. ही मॉडेल वेगवेगळ्या सेन्सरांच्या प्रतिमा आत घ्यायला शिकली आहेत, यात शंका नाही. पण एक सेन्सर आंधळा झाला की दुसऱ्याच्या जोरावर काम निभावतं का, हा वेगळा प्रश्न आहे. ज्या डेटासेटवर यांची परीक्षा होते, त्यातले बरेचसे तो प्रश्न विचारायला बनलेलेच नाहीत. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर नेमका तोच प्रश्न असतो.

सेन्सर बदलला म्हणजे काय बदललं?

नवख्या वाचकाला वाटतं, सेन्सर बदलला म्हणजे बँडची संख्या बदलली. सेंटिनेल-२ चे १३ बँड, सेंटिनेल-१ चे २, आपल्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-४ चे ३. म्हणजे इनपुटचा आकार बदलला, एवढंच. कोडच्या नजरेतून हे बरोबर आहे. भौतिकशास्त्राच्या नजरेतून नाही.

सेंटिनेल-२ सूर्याचा परावर्तित प्रकाश मोजतो, साधारण ०.४४ ते २.२ मायक्रॉन तरंगलांबीचा. पानातलं हरितद्रव्य, पानातलं पाणी, मातीचा रंग याच्याशी त्या आकड्याचा संबंध. सेंटिनेल-१ स्वतः रडारची लहर सोडतो आणि किती परत आली ते मोजतो. तिची तरंगलांबी साधारण ५.५ सेंटीमीटर, म्हणजे ५५,००० मायक्रॉन. तिला हरितद्रव्य कळत नाही. पृष्ठभाग किती खडबडीत आहे, झाडाची ठेवण कशी आहे, ओल किती आहे, हे तिला कळतं. ढगांतून ती आरपार जाते, रात्रीही काम करते. पण तोच डोंगर उपग्रह पूर्वेकडून बघतोय की पश्चिमेकडून, यावर प्रतिमा बदलते. सह्याद्रीच्या ज्या उतारावर लहर पोचतच नाही तिथे काळी सावली पडते, आणि संथ पाणीही रडारमध्ये काळंच दिसतं.

तेव्हा ‘दोन सेन्सर जोडले’ असं कुणी म्हटलं, तर पहिला प्रश्न हा: दोघे एकच गोष्ट वेगळ्या चष्म्यातून बघतायत, की दोन वेगळ्याच गोष्टी मोजतायत?

तीन मॉडेल, तीन वाटा

*पहिली वाट: आधी डेटा सारखा करून घ्या.* ‘पृथ्वी’ ही वाट धरतं. नासाचा एचएलएस हा डेटा लँडसॅट आणि सेंटिनेल-२ यांच्या प्रतिमा ३० मीटरच्या एकाच जाळीवर बसवतो. दोन्हींच्या बँडमधला आणि बघण्याच्या कोनातला फरकही दुरुस्त करतो. मॉडेलला मिळतात सहा बँड: निळा, हिरवा, लाल, जवळचा अवरक्त आणि लघुतरंग अवरक्तातले दोन. २०२३ ची पहिली आवृत्ती फक्त अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या प्रतिमांवर शिकली होती. डिसेंबर २०२४ ची दुसरी जगभरच्या.

ही वाट प्रामाणिक आहे. कुठल्या दुरुस्त्या केल्या ते नोंदलेलं असतं, तपासता येतं. पण किंमत बघा. सेंटिनेल-२ चे १० मीटरचे बँड इथे ३० मीटरवर येतात. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. १० मीटरच्या प्रतिमेत त्याचे चाळीस पिक्सेल होतात, ३० मीटरच्या प्रतिमेत जेमतेम साडेचार, आणि त्यातले बहुतेक बांधावरचे, म्हणजे अर्धे शेजाऱ्याचे. दुसरं म्हणजे लिस-४ मध्ये फक्त हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त. लिस-३ मध्ये एक लघुतरंग अवरक्त जास्त, पण निळा नाहीच. सहा बँड मागणाऱ्या मॉडेलला हा डेटा द्यायचा तर उरलेल्या जागी काय भरायचं? शून्य? सरासरी? तुम्ही जे भराल त्याचा परिणाम उत्तरावर होणार. आणि रडार तर या वाटेवर येतच नाही.

*दुसरी वाट: प्रत्येक सेन्सरला वेगळा एन्कोडर, मग मिलाफ.* ‘क्रोमा’ मध्ये रडारचा एक, ऑप्टिकलचा एक आणि दोघांना जोडणारा तिसरा एन्कोडर आहे. शिकवताना एकाच जागेच्या दोन प्रतिमांचं आंतरिक वर्णन जवळ आणलं जातं, वेगळ्या जागांचं लांब ढकललं जातं. सोबत झाकलेले भाग परत काढायचंही काम दिलेलं असतं.

कल्पना सुंदर आहे, पण जवळ आणण्याच्या पहिल्या भागाचा कल ओळखा. दोन्ही प्रतिमांत जे समान दिसतं ते ठळक करण्याचं बक्षीस मॉडेलला मिळतं. जे फक्त रडारला दिसतं, ते या हिशोबात अडगळ ठरू शकतं. आणि रडार आपण आणतो ते नेमकं त्याचसाठी! झाकलेलं परत काढण्याचं काम या कलाला थोडा आवर घालतं, हे मान्य. किती घालतं, हे कळायला फक्त रडार, फक्त ऑप्टिकल आणि दोन्ही मिळून, असे तीन आकडे शेजारी शेजारी हवेत. असा पेपर वाचताना हे तीन रकाने आहेत का, हे आधी बघा.

*तिसरी वाट: तरंगलांबी सांगा, मॉडेल स्वतः जुळवून घेईल.* ‘डोफा’ पाच सेन्सरांवर शिकलंय: सेंटिनेल-१, सेंटिनेल-२, गाओफेन, अमेरिकेतली विमानातून घेतलेली एनएआयपी छायाचित्रं आणि दोनशेच्या वर बँड असलेला एनमॅप. प्रत्येक बँडची तरंगलांबी एका छोट्या जाळ्याला दिली जाते. ते जाळं त्या बँडसाठी मॉडेलच्या पहिल्या थराची वजनं तयार करतं. बँड तीन असोत की दोनशे, गाडी चालते.

तिन्हींत मला ही वाट सगळ्यात आवडते. लिस-४ चा लाल बँड आणि सेंटिनेल-२ चा लाल बँड तरंगलांबीच्या पट्टीवर शेजारी आहेत, तेव्हा त्यांची वजनंही जवळची असावीत, हे पटतं. निळा बँड नाही म्हणून रिकामी जागा भरायची गरज पडत नाही.

अडचण रडारपाशी येते. सेंटिनेल-१ चे दोन बँड म्हणजे व्हीव्ही आणि व्हीएच. लहर उभी सोडली आणि उभीच परत मोजली की व्हीव्ही. उभी सोडून आडवी मोजली की व्हीएच. दोघांची तरंगलांबी एकच! बँडची ओळख फक्त तरंगलांबीवरून करायची म्हटली, तर मॉडेलच्या लेखी हे दोन बँड जुळे भाऊ. प्रत्यक्षात उघड्या पाण्यावर, पिकाच्या दाटीत आणि नांगरलेल्या रानात दोघांचं वागणं वेगळं असतं, आणि त्या फरकातच बरीचशी माहिती असते. शिवाय सुमारे २.४५ मायक्रॉन आणि ५५,००० मायक्रॉन यांच्यामध्ये कुठलाच बँड शिकलेला नसताना ती एकच सलग पट्टी मानायला आधार कुठला? ध्रुवण, आपतन कोन, उपग्रहाच्या जाण्याची दिशा, या गोष्टी रडारची खरी ओळख आहेत. त्या सांगितल्याशिवाय ‘सेन्सर कळला’ म्हणणं घाईचं आहे.

परीक्षा कुठे झाली?

आता तक्त्याकडे. पेपरमधली पद्धत सगळे वाचतात. डेटासेटचा मूळ पेपर फार थोडे वाचतात. तो वाचाच.

बिगअर्थनेट घ्या. ५,९०,३२६ तुकडे, युरोपातले दहा देश, सेंटिनेल-२ च्या प्रतिमा, आणि नंतर जोडलेल्या सेंटिनेल-१ च्या. अनेक सेन्सरांच्या मॉडेलची ही नेहमीची परीक्षा. पण प्रतिमा निवडतानाची अट होती, ढग एक टक्क्याहून कमी! आकाश निरभ्र असताना रडार जोडून थोडा फायदा होईलही, पण रडारची खरी गरज लागते तो दिवस या परीक्षेतून आधीच वगळलेला आहे. पोहायची परीक्षा कोरड्या हौदात घेतल्यासारखं झालं.

लेबलांचंही बघा. ती युरोपच्या कोरिन या भू-आच्छादन नकाशावरून घेतलेली आहेत, आणि त्या नकाशात २५ हेक्टरपेक्षा लहान तुकडा वेगळा दाखवत नाहीत. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा दीड हेक्टरच्याही आत आहे. तिथे चांगले गुण मिळवलेलं मॉडेल इथल्या भात, सोयाबीन, तूर अशा सरमिसळीत काय करेल, हे त्या गुणांवरून कळत नाही.

दुसरं उदाहरण सेन१फ्लड्स११. अकरा पूर, त्यात भारतातलाही एक. ४,८३१ तुकडे, पैकी ४४६ माणसांनी हाताने लेबल केलेले. बाकीच्यांची लेबलं यांत्रिक पद्धतीने काढलेली. नावातच सेंटिनेल-१ आहे, पण सेंटिनेल-२ च्या प्रतिमाही सोबत दिल्या आहेत. ‘पृथ्वी’ च्या पहिल्या आवृत्तीचं पूर ओळखण्याचं गाजलेलं प्रात्यक्षिक याच डेटासेटवर आहे, आणि ते फक्त सेंटिनेल-२ वर चालतं. म्हणजे पुराच्या वेळी ढगांतून बघता यावं म्हणून ज्याला महत्त्व, तो रडार बाजूला ठेवून ऑप्टिकलवर पूर शोधलाय. मॉडेलच्या मर्यादेत ते नीट केलेलं काम आहे. पण ‘पूर ओळखतो’ आणि ‘पूर असताना ओळखतो’ यात ढगाएवढं अंतर आहे.

अजून एक तपशील. त्या ४४६ तुकड्यांची विभागणी अशी: २५२ शिकवायला, ८९ पडताळणीला, ९० चाचणीला आणि बोलिव्हियाचे १५ पूर्ण वेगळे. म्हणजे चाचणीतले ९० तुकडे त्याच दहा पुरांतले आहेत, जे मॉडेलने शिकताना पाहिलेत. तीच नदी, तसाच गाळ, बऱ्याचदा तोच दिवस. खरा अनोळखी पूर म्हणजे बोलिव्हियाचे १५ तुकडे. डेटासेट करणाऱ्यांनी हा वेगळा संच ठेवला, हे त्यांचं श्रेय. पण तुम्ही वाचत असलेल्या पेपरमध्ये ठळक टाइपातला आकडा कुठल्या संचावरचा आहे?

उसातलं पाणी

हे सगळं कीस पाडण्यासारखं वाटत असेल, तर ऑगस्ट २०१९ आठवा. कोल्हापूर-सांगलीत पंचगंगा आणि कृष्णेचा पूर. आकाश भरलेलं, ऑप्टिकल प्रतिमांचा फारसा उपयोग नाही. राहिला रडार. एका सेंटिनेल-१ उपग्रहाला त्याच मार्गावर परत यायला १२ दिवस लागतात. तेवढ्यात पूर चढून उतरूही शकतो.

समजा वेळेवर प्रतिमा मिळाली. संथ, उघडं पाणी आरशासारखं लहर पलीकडे फेकतं, म्हणून काळं दिसतं. मॉडेल शिकतं: काळं म्हणजे पाणी. पण या पट्ट्यात उभा ऊस आहे. पुरुषभर उंच दाट उसात ५.५ सेंटीमीटरची लहर पानांतच अडकते, खालच्या पाण्यापर्यंत फारशी पोचत नाही. पीक विरळ असेल तर पाणी आणि खोड यांच्यावर दोनदा आपटून लहर उलट जास्त परत येते, आणि पाण्यातलं शेत आजूबाजूपेक्षा उजळ दिसू शकतं. नकाशावर ते शेत कोरडं. शेतकऱ्याच्या कमरेएवढं पाणी.

इथे सेन्सर बदलणं म्हणजे नुसता इनपुटचा आकार बदलणं नव्हे, हे स्पष्ट होतं. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसारमध्ये नासाचा एल-बँड रडार आहे, तरंगलांबी सुमारे २४ सेंटीमीटर. सोबत इस्रोचा एस-बँड. लांब लहर पिकात जास्त खोल जाते. सी-बँडवर ‘काळं म्हणजे पाणी’ शिकलेलं मॉडेल एल-बँडला जसंच्या तसं लावलं, तर नवीन सेन्सरचा जो फायदा, तोच ते चूक म्हणून वाचण्याचा धोका आहे.

आणि हे नकाशे आता फक्त पेपरात राहत नाहीत. पीक विमा योजनेत २०२३ पासून यस-टेक ही पद्धत आली. भात आणि गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानातून आलेल्या आकड्याला किमान ३० टक्के वजन. अशा कामात मॉडेलची सरासरी अचूकता ९० टक्के, एवढं पुरत नाही. उरलेले दहा टक्के कुणाचे, हे विचारावं लागतं. चुका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असतील तर एक गोष्ट. त्या सगळ्या उसात आणि डोंगरउतारावर जमा झाल्या असतील तर वेगळीच.

साध्या मॉडेलला कमी लेखू नका

२०२४ च्या शेवटी आलेल्या ‘पँजिया’ या तुलनात्मक अभ्यासाने अशी बरीच फाउंडेशन मॉडेल एकाच मोजपट्टीवर ठेवली. निष्कर्ष असा की ती थेट लेबलांवर शिकवलेल्या साध्या मॉडेलांपेक्षा सातत्याने सरस ठरत नाहीत. त्यांची साधी बेसलाइन कुठली? यू-नेट, २०१५ मधलं, वैद्यकीय प्रतिमांसाठी बनवलेलं.

यावरून ‘मोठी मॉडेल फुकट’ असा निष्कर्ष काढू नका. लेबलं फार थोडी असतील तेव्हा त्यांचा उपयोग होऊ शकतो, आणि आपल्याकडे लेबलं थोडीच असतात. पण एखाद्या पेपरात तुलना फक्त दुसऱ्या मोठ्या मॉडेलांशी असेल आणि नीट शिकवलेलं यू-नेट कुठेच नसेल, तर तो तक्ता अर्धाच आहे असं समजा.

मोजमापही तपासा. प्रतिमेत दहा टक्केच पाणी असेल, तर ‘सगळीकडे कोरडं’ असं सांगणाऱ्या मॉडेललाही ९० टक्के अचूकता मिळते. पाणी या एका वर्गाचा आकडा वेगळा दिलाय का?

आता तुम्ही काय करायचं

मार्गदर्शकाला भेटायला जाताना ‘मला फाउंडेशन मॉडेलवर काम करायचंय’ एवढंच सांगू नका. त्याआधी दोनेक महिन्यांत, कॉलेजच्या साध्या जीपीयूवर होईल असं एक काम सुचवते.

सेन१फ्लड्स११ चे हाताने लेबल केलेले ४४६ तुकडे घ्या. मोफत मिळतात. दिलेली विभागणी बाजूला ठेवा. दर वेळी एक पूर पूर्ण बाहेर काढा, बाकी दहांवर शिकवा, बाहेर काढलेल्यावर तपासा. असं अकरा वेळा. मॉडेल दोन: एक यू-नेट आणि एक तुमच्या आवडीचं फाउंडेशन मॉडेल. इनपुट तीन: फक्त रडार, फक्त ऑप्टिकल, दोन्ही, जे मॉडेल रडार घेत नाही त्याचा तो रकाना रिकामा सोडा, ते रिकामेपणही उत्तरच आहे. मग एक चौथी चाचणी: दोन्हींवर शिकवलेल्या मॉडेलचा ऑप्टिकल भाग तपासताना झाका, जणू ढग आलेत. सरासरी काढायची घाई करू नका. अकरा पुरांचे अकरा आकडे वेगवेगळे लिहा आणि पाणी या वर्गाचेच लिहा. भारताच्या ओळीपाशी थांबून जिथे चुकलंय ते तुकडे डोळ्यांनी बघा: पीक आहे, वस्ती आहे, की डोंगराची सावली?

ढग घातल्यावर दोन्हींवर शिकलेलं मॉडेल फक्त रडारवर शिकलेल्यापेक्षाही खाली गेलं, तर ते ऑप्टिकलवरच टेकून बसलं होतं असं समजा. तसं झालं नाही, तर तेही नोंदवण्यासारखं आहे. दोन्ही वेळा तुमच्या हातात असा एक तक्ता असेल, जो त्या चकचकीत पेपरांत शोधून सहज सापडत नाही. मुलाखतीत तो पुढे ठेवा. पुढचे प्रश्न त्यातूनच येतील.